गाडीपुरती मैत्री खोटी असते का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मूळच्या डिचोली तालुक्यातील एक वाचक भगिनी पतीच्या नोकरीमुळे गेली दोन वर्षे बँकॉकमध्ये राहत आहेत. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पन्नाशीतील एक बाई काचेच्या पेटीची गाडी लावते आणि पपई, पेरू, अननस, आंबा अशी फळे चिरून विकते. ती थायलंडच्या ईशान्येकडील ईसान भागातून पोटापाण्यासाठी शहरात आलेली आहे. पत्रलेखिका रोज तिच्याकडून फळे घेतात, मोडक्यातोडक्या थाईत तिच्याशी बोलतात आणि परक्या शहरातली आपली पहिली मैत्रीण म्हणून तिच्याकडे पाहतात. यंदा चवथीला त्यांनी तिला दुपारी एक वाजता घरी जेवायला बोलावले. ती हसून 'खा, खा' म्हणाली, पण आली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढच्याच आठवड्यात जवळच्या कार्यालयातील एका थाई मुलीला पपईची पिशवी 20 बाटला मिळाल्याचे त्यांनी पाहिले. त्यांच्याकडून पहिल्या दिवसापासून 25 बाट घेतले जात आहेत. शेजारच्या गाडीवाल्याशी बोलताना ती पत्रलेखिकेचा उल्लेख 'खेक' असा करते, हेही त्यांनी ऐकले. 'मी तिच्यासाठी फक्त गिराईकच होते का? आता फळे सुपरमार्केटमधून आणू लागू, की शनिवारी तिच्या गाडीवर मदतीला उभी राहून मैत्री पक्की करू?' असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र वाचताना सर्वांत आधी डोळ्यांसमोर आले ते वाढून ठेवलेले आणि कोणी न शिवलेले ताट. परमुलखात चवथीचे रांधप करणे हा केवढा खटाटोप असतो, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. खतखत्यासाठी पाच तऱ्हांची कंदमुळे हुडकायची, तेफळे गोव्याहून येताना आठवणीने बांधून आणलेली असावी लागतात, हळदीची पाने मिळवून पातोळ्या उकडायच्या, आणि एवढे सगळे झाल्यावर जिच्यासाठी दाराकडे डोळे लावून बसलो ती आलीच नाही, तर घास घशाखाली उतरत नाही. तुमचे वाईट वाटणे मी खोटे ठरवणार नाही. त्या दुपारचा तुम्ही जो अर्थ लावला आहे, त्याबद्दल मात्र मला काही विचारायचे आहे.

तुम्ही तिला दुपारी एक वाजता बोलावलेत. चिरलेल्या फळांच्या धंद्यात कार्यालयांची जेवणाची सुट्टी हाच कमाईचा तास असतो. पहाटे उठून घाऊक बाजारातून फळे आणायची, सोलायची, बर्फावर मांडायची, आणि एकदा चिरलेली पपई उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. त्या तासाला गाडी सोडून ती तुमच्या ताटावर येऊन बसली असती, तर इकडे बर्फ वितळला असता आणि दिवसाची कमाई बुडाली असती. गाडी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हाही प्रश्नच आहे. 2014 नंतर बँकॉकच्या महानगर प्रशासनाने फेरीविक्रीच्या कितीतरी मान्य जागा रद्द केल्या. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या संसदेने फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा केला. तो कायदा प्रत्यक्षात किती उतरला, हा वेगळा विषय आहे. तिथल्या गल्लीत उभी असलेली गाडी बहुतेक वेळा कोणाच्या तरी डोळेझाकीवर उभी असते आणि अशी जागा रिकामी सोडून जाण्याची छाती सहसा होत नाही.

तिचे 'खा, खा' तुम्ही होकार म्हणून घेतलेत. फळांच्या गाडीवर मराठी कानाला तो शब्द फारच आपुलकीचा वाटत असेल, याची मला कल्पना आहे. थाई भाषेत मात्र बायका बोलताना सभ्यतेखातर वाक्याच्या शेवटी 'खा' लावतात. ते एकटेच उच्चारले तर त्याचा अर्थ 'हो' होतो, 'बरे' होतो, आणि नुसते 'ऐकते आहे' असाही होतो. शिवाय थाई माणसांच्या वागण्यात 'क्रेंग चाय' नावाची एक गोष्ट खोलवर रुजलेली आहे. 'चाय' म्हणजे मन. आपल्यामुळे समोरच्याच्या, विशेषतः आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर मानलेल्या माणसाच्या, मनाला तोशीस लागू नये म्हणून जपणे, असा काहीसा त्याचा भाव आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा शब्द 'भीड'. आपण भिडेला भिकेची बहीण म्हणून मोकळे झालो, तिथे मात्र ती चांगल्या वळणाची खूण समजली जाते. इतक्या हौसेने बोलावणाऱ्या बाईच्या तोंडावर 'जमणार नाही' म्हणणे तिला जमले नसेल, आणि न आल्यानंतर तो विषय काढून तुम्हाला पुन्हा खजील करणे तर त्याहून नसेल. तिच्या दुसऱ्या दिवशीच्या मौनात तुम्हाला बेफिकिरी दिसली, मला लाज दिसते. मी चुकतही असेन, कारण तिचा चेहरा तुम्ही पाहिला आहे, मी नाही. पण त्या दिवशी पिशवीत पपईच्या फोडी रोजच्यापेक्षा जास्त होत्या का, हे जरा आठवून पाहा.

आता थोडे माझ्या घरातले सांगते. माझी आत्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी विकायची. मयड्याची, सालदाटी, रसबाळी असे घड गोणपाटावर मांडून ती सकाळपासून बसलेली असे आणि शाळेला सुट्टी असली की मी तिच्यामागे बसून सुटे पैसे सांभाळत असे. हणजुणे येथे दर हिवाळ्यात येऊन राहणारी एक परदेशी बाई तिची नेमाची गिराईक होती. ती आली की थेट गोणपाटावर बैठक मारायची, आत्याच्या हातातली सुरी घेऊन केळ्यांच्या फण्या सोडवायला बघायची आणि दोघी एकमेकींच्या न कळणाऱ्या भाषेत तासभर बोलत राहायच्या. त्या बाईने आत्याला आपल्या भाड्याच्या घरी कितीतरी वेळा बोलावले. आत्या दर वेळी मान डोलवायची आणि कधीही गेली नाही. तू का जात नाहीस, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'तिगेर हांव खंय बसूं? हांगा ती म्हज्या गोणपाटार बसता, तें बरें.'

तिच्या घरी मी कुठे बसू, हा प्रश्न तेव्हा मला भाबडा वाटला होता. आज वाटते, की आत्याने फार नेमके सांगितले होते. बाजारात ती यजमान होती. बसायला जागा देणारी ती, केळे सोलून हातात ठेवणारी ती, भाव सांगणारी आणि मनाला आले तर तो सोडणारीही तीच. त्या भाड्याच्या घरातल्या खुर्चीवर ती कोण झाली असती? तुम्ही तुमच्या मैत्रिणीला घरी बोलावले ते मोठ्या मनाने, यात शंका नाही. पण त्या बोलावण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की गाडीवरची ओळख ही अर्धीमुर्धी आणि उंबरठा ओलांडून आत आली तरच ती पुरी. ही कल्पना कदाचित फक्त तुमची आहे. तिच्या दृष्टीने ती रोज तुमचे आगतस्वागत करतच आहे.

आणि भाव? आत्याचे तीन भाव असत. शेजारपाजारच्यांना एक, नेमाच्या गिराइकांना एक, आणि हणजुण्याच्या किनाऱ्यावरून येणाऱ्यांना एक. त्या परदेशी बाईला शेवटपर्यंत तिसराच भाव लागला. तरीही पिकायला आलेला सर्वांत चांगला घड तिच्यासाठी टोपलीखाली झाकून ठेवलेला असे, आणि एका हिवाळ्यात ती तापाने आडवी पडल्याचे कळले तेव्हा आत्याने एका पायलटच्या, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्याच्या, गाडीवरून तिच्याकडे पेजेचा डबा पाठवला होता. पायलटचे भाडे स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून दिले होते. या दोन गोष्टींत आत्याला कधीही विसंगती वाटली नाही. भाव ऐपत पाहून लावायचा आणि पेज माणूस पाहून पाठवायची, एवढा तिचा हिशेब सरळ होता. तुमचे पाच बाट कशाचे, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. त्या मुलीची पिशवी लहान असेल, ती दिवसाची शेवटची पिशवी असेल, किंवा खरोखरच तुमच्यासाठी परकीयांचा भाव असेल. बोचत असेल तर हसत विचारा, फक्त इतर गिराइके समोर उभी असताना विचारू नका. थाईमध्ये वर घातलेल्या चिमूटभर जास्तीच्या मालाला 'थॅम' म्हणतात. तुमच्या पिशवीत आजवर किती थॅम पडले, तेही मोजा आणि मगच पाच बाटांचा निकाल लावा.

'फक्त गिराईकच' या तुमच्या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. त्यातला 'फक्त' कुठून आला? आपल्या गोव्यात नेमाच्या गिराइकाचे नाते हलके मानले जात नाही. एकाच घराला पिढ्यान्‌पिढ्या मासळी देणारी बाई त्या घरातल्या लेकीसुनांची बाळंतपणेही ओळखून असते. सकाळी भोंगा वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पदेराला कोणाच्या दारात किती उंडे ठेवायचे आणि कोणत्या घरी आज सुतक आहे हे सांगावे लागत नाही. थाईतही नेमाने येणाऱ्या गिराइकासाठी 'खा प्रचाम' असा खास शब्द आहे. तो शब्द तुमच्यासाठी वापरला गेला असेल, तर ती किरकोळ पदवी समजू नका. आता थोडा बोचरा प्रश्न विचारते. डिचोलीच्या बाजारातल्या कोणत्या भाजीवालीला तुम्ही कधी चवथीला जेवायला बोलावले होते? कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा घेऊन फिरणाऱ्या लमाणी बायकांपैकी एकीचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? मीही त्यातून सुटलेली नाही. स्वतःच्या गावी जे नाते आपल्याला पुरेसे वाटत होते, तेच परदेशी गेल्यावर अपुरे का वाटू लागते, याचा विचार करावा असे मला वाटते.

माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर तुमच्या एकटेपणात आहे. पती दिवसभर कामावर, तुमच्याकडे काम करण्याचा परवाना नाही, भाषा नीट येत नाही, आणि दिवसातून एकदा तुमच्याकडे पाहून मनापासून हसणारा एकच चेहरा त्या गाडीवर आहे. मग माहेर, शेजार आणि मैत्रिणी या सगळ्यांची उणीव त्या एका चेहऱ्याने भरून काढावी, असे वाटू लागते. हा भार तिला उचलता येणार नाही, कारण तिच्या डोक्यावर आधीच बर्फाची पेटी आहे. थाई शिकवणाऱ्या एखाद्या वर्गात नाव घाला, आठवड्यातून एकदा पाहुरतच्या भारतीय बाजारात जा, सिलोमच्या मारिअम्मन देवळात जाऊन बसा. तिथे मराठी भेटेलच असे नाही, पण हिंदीत किंवा तोडक्यामोडक्या इंग्रजीत मन मोकळे करायला माणसे भेटतील. मग गाडीवरच्या पाच मिनिटांकडून पाच मिनिटांइतकीच अपेक्षा राहील.

'खेक' या शब्दाने तुम्ही दुखावलात. त्याचा मूळ अर्थ 'पाहुणा' असा आहे. भारतीय, अरब, मलय अशा लोकांना थाई लोक सरसकट याच नावाने ओळखतात, आणि तुम्हाला ज्या देवळात जायला सांगते आहे त्यालाही तिथे 'वात खेक', म्हणजे पाहुण्यांचे देऊळ, असेच म्हणतात. हा शब्द कधी साधा असतो, कधी त्यात तुच्छता मिसळलेली असते, आणि ते सुरावरूनच कळते. आपण बाहेरून आलेल्यांना 'भायले' म्हणतो तेव्हा त्यात निदान पाहुणेपणाही नसतो, हे ध्यानात घ्या. गंमत अशी, की युरोपीय माणसाला तिथे 'फरंग' म्हणतात, जो आपल्या 'फिरंगी'चाच भाऊबंद आहे, आणि पेरूचे थाई नावही 'फरंग' असेच आहे. म्हणजे तुमची मैत्रीण दिवसभर फिरंगी चिरून मीठ-मिरची लावून विकते. हा विनोद तिला सांगून पाहा. फळांना तिथे 'फोन्लमाय' म्हणतात आणि त्यातला पहिला भाग आपल्या संस्कृत 'फल' शब्दाचाच आहे, हेही सांगा. तिच्या ईसानचे नाव तर आपल्या 'ईशान'वरून आलेले आहे. पन्नाशीतल्या बाईला तिच्या मुलखाच्या नावाची गोष्ट सांगणारे गिराईक रोज भेटत नाही.

शनिवारी गाडीवर उभे राहण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. फेरीने माल विकणे हे थायलंडमध्ये परदेशी नागरिकांना कायद्याने मना केलेल्या कामांपैकी एक आहे आणि विनापरवाना काम केल्याबद्दल कारवाई होऊ शकते. तुम्ही हौस म्हणून, पैसे न घेता उभ्या होतात, हे तिथल्या अंमलदाराला पटवत बसण्याची वेळ आली, तर तुम्ही विमानात बसून परत येऊ शकाल. तिची जागा गेली तर ती कुठे जाणार? हाच विचार छायाचित्रांनाही लावा. तिची गाडी, चेहरा आणि गल्लीचे नाव तिला न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नका, मग हेतू तिची विक्री वाढवण्याचा का असेना.

सुपरमार्केटबद्दल काय बोलावे? जावेसे वाटले तर जा, पण रुसून जाऊ नका. तुमच्या रुसण्याचे कारण तिला कधीच कळणार नाही आणि रोजच्या एका पिशवीची तूट मात्र कळेल.

मग करायचे काय? तुमच्यासारखेच इंग्लंडमधल्या स्विंडनच्या भाजीबाजारात किंवा लिस्बनच्या गल्लीत एखाद्या दुकानदाराशी मैत्र जोडू पाहणारे वाचक मला लिहीत असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरी बोलावण्याऐवजी घरचे थोडेसे तिच्याकडे घेऊन जा. पातोळ्यांत काय असते? तांदळाचे पीठ, नारळ आणि गूळ. थाई गोड पदार्थांतही हीच सामग्री असते, फक्त गूळ ताडाचा असतो. तेव्हा पातोळी तिच्या जिभेला परकी लागणार नाही. दोनच न्या, पानात गुंडाळलेल्या, दुपारी तीनच्या सुमाराला, जेव्हा गिराईक ओसरलेले असते. हातात द्या आणि निघा, ती खाताना तोंडाकडे पाहत उभ्या राहू नका. परत काही मिळाले तर नाकारू नका, कारण घेणे हाही मैत्रीचाच भाग आहे आणि तिच्याकडून घेताना तुमची जीभ आजवर थोडी अडखळत असावी, असा मला संशय आहे. ती वयाने मोठी आहे, तेव्हा नावाआधी 'पी' लावत असालच. लावत नसाल तर आजपासून लावा. आपल्या 'ताई'सारखाच तो शब्द आहे. सोमवारी अनेक रस्त्यांवर गाड्या लागत नाहीत, कारण तो बरीच वर्षे सफाईचा दिवस आहे. त्या दिवशी ती दिसली नाही म्हणून घाबरू नका. उलट मंगळवारी 'काल काय केलेत?' असे विचारायला ते बरे निमित्त आहे. एप्रिलच्या मध्यावर, सोंग्क्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, ईसानची बरीच माणसे गावी जातात. ती कधी निघणार हे आधी विचारून घ्या आणि तिच्या घरच्यांसाठी गोव्याच्या काजूंची एक पुडी द्या. रोख रक्कम देण्याचा मोह होईल, तो आवरा. तिने कधी स्वतःहून मागितलेच, तर परत मिळाले नाही तरी रात्री झोप लागेल इतकेच द्या, आणि दिल्यावर गाडीवर त्याचा उल्लेखही करू नका.

एक गोष्ट आतापासूनच मनाशी ठरवून ठेवा. तुमच्या पतीची बदली कधी ना कधी होईल. आमच्या आत्याची ती हणजुण्याची बाई एका वर्षी आली नाही, आणि मग कधीच आली नाही. तिचा पत्ता आमच्याकडे नव्हता आणि तिला आत्याचे आडनावही माहीत नव्हते. त्यानंतरचे दोन हिवाळे आत्या दर शुक्रवारी एक घड टोपलीखाली झाकून ठेवायची आणि बाजार उठताना तो पडत्या भावात विकून टाकायची. तेव्हा निघण्याची तारीख कळली की ती तिला आठवडाभर आधी सांगा.

कार्तिकी पौर्णिमा आता दूर नाही. त्या रात्री तुमच्या साखळीला, विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात नौका सोडतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. बहुधा त्याच पौर्णिमेला थायलंडमध्ये लोय क्रथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पाने दुमडून, फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून केलेले द्रोण लोक पाण्यात सोडतात, आणि त्या दिवशी कितीतरी गाड्यांवर फळांच्या जागी हे द्रोण मांडलेले दिसतात. तिनेही मांडले असतील तर संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत जा, पान कसे दुमडायचे ते तिच्याकडून शिकून घ्या, एक विकत घ्या, आणि साखळीच्या नौकांचे छायाचित्र फोनवर असेल तर तिला दाखवा. त्या द्रोणाचे तिने किती बाट घेतले, तेही मला कळवा.